आधी पक्षी, मग फोटो

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच तुमची एक छोटीशी परीक्षा घेणार आहे. घाबरू नका, याचे गुण प्रगतिपुस्तकात जात नाहीत. डोळे मिटा आणि एक चिमणा डोळ्यांसमोर आणा. चिमणी नाही हं, चिमणा! आता सांगा, त्याचा गळा कोणत्या रंगाचा? डोक्यावरची टोपी राखाडी की तपकिरी?

काय, अडलात ना? गळा काळा, टोपी राखाडी आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे. लहानपणापासून 'चिऊताई, चिऊताई' म्हणत आलो, पण चिमण्याकडे नीट बघितलंय कोणी? आता उद्या सकाळी बघा आणि खात्री करून घ्या.

हे विचारायचं कारण सांगतो. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. सुट्टीत आमच्या सोसायटीतली मुलं माझे फोटो बघायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, तुमचा कॅमेरा केवढ्याचा?" दुसरा प्रश्न, "त्याला झूम किती?" पक्ष्याचं नाव विचारणारा एखादाच. अशा वेळी मला माझ्या शाळेतल्या सरांची आठवण होते.

आधी वही

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि रविवारी कॅमेरा घेऊन माळावर जायचे. मी नववीत होतो. "सर, मलाही शिकवा ना," म्हणून त्यांच्या मागे लागलो. सर म्हणाले, "शिकवीन की. पण महिनाभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. एक शंभर पानी वही आण आणि रोज अर्धा तास एकाच पक्ष्याकडे बघ."

मी निवडला वेडा राघू. हिरवागार, चिमणीएवढा, शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या. आमच्या शाळेमागे विजेच्या तारेवर त्याची बैठक असे. आठवडाभरात माझ्या वहीत अशा नोंदी जमल्या : तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी पकडतो, पुन्हा तारेवर येतो, माशी तारेवर आपटतो आणि गिळतो. महिनाअखेर सरांनी वही वाचली आणि विचारलं, "मग आता सांग, कॅमेरा कुठे रोखायचा?"

"तारेवर, सर. तो जिथून उडतो तिथेच परत येतो."

"शाब्बास! मग त्याच्यामागे धावायचं कशाला?"

त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल विकत घ्या, धुवायला द्या, छापून आणा, सगळ्याला पैसे! त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहादा विचार करायचो. आजचे काही कॅमेरे एका सेकंदात वीस-वीस फोटो काढतात. पण पक्षी पुढच्या क्षणी काय करणार, हे कुठलाही कॅमेरा तुम्हाला सांगत नाही. ते वहीच सांगते.

थोड्या नोंदी माझ्या वहीतून तुम्हाला देतो. पुष्कळसे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून आधी वारा कुठून येतोय ते बघावं. उडायच्या आधी पुष्कळदा ते शिटतात! हसू नका, ही फार उपयोगाची खूण आहे. काळापांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत तरंगतो आणि मग मासळीवर सूर मारतो. त्या तरंगण्यातच आपल्याला वेळ मिळतो. वंचक बगळा चिखलाच्या रंगाचा होऊन काठावर पुतळ्यासारखा उभा असतो, पण उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. ते माहीत असेल तर तुम्ही तयार राहाल. नसेल तर नुसतं "अरेच्चा!" म्हणाल.

उजेडाशी मैत्री

फोटो म्हणजे उजेडाने काढलेलं चित्र. म्हणून पक्ष्याच्या खालोखाल ओळख करून घ्यायची ती उजेडाशी.

साधा नियम असा : सूर्य आपल्या पाठीशी हवा. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. आपली सावली कुठे पडते ते बघायचं. सावलीचं डोकं पक्ष्याकडे असेल तर पक्ष्याच्या अंगावर उजेड नीट पडलाय असं समजा. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि सूर्यास्ताआधीचा तेवढाच वेळ सगळ्यांत चांगला. ऊन तिरपं आणि कोवळं असतं, पिसांवर सोनेरी छटा येते. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, पक्ष्याची पाठ चमकते आणि पोट काळं पडतं. तेव्हा खुशाल घरी जाऊन जेवावं. पक्षीसुद्धा त्या वेळी सावलीत विसावलेले असतात.

पण कॅमेरा एका बाबतीत थोडा भोळा आहे. समोरचं दृश्य फार काळं नाही, फार पांढरं नाही, मधलंच आहे असं तो धरून चालतो. काळ्या पाण्यापुढे पांढरा बगळा उभा असेल तर त्याला वाटतं, 'फार अंधार आहे बुवा,' आणि तो जास्त उजेड आत घेतो. मग बगळ्याची पिसं नाहीशी होऊन नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी उजेड थोडा कमी करायचा. उलट, आभाळापुढे तारेवर बसलेला कोतवाल. लख्ख आभाळ बघून कॅमेरा उजेड कमी घेतो आणि कोतवालाचा नुसता काळा ठिपका होतो. तिथे उजेड वाढवायचा. मग त्याच्या काळ्या पिसांवरची निळसर झाकसुद्धा दिसते. कॅमेऱ्यावर यासाठी अधिक-उणे अशी खूण असते. मोबाईलच्या पडद्यावरही बहुधा बोटाने उजेड कमी-जास्त करता येतो. करून बघा.

उजेडाचा एक धडा मला भिगवणला मिळाला. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावाजवळ उजनी धरणाचं पाणी मागे दूरवर पसरतं आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. गुलाबी पायांचे, वाकड्या चोचीचे, डोकं उलटं पाण्यात घालून खाणारे. पहाटे आम्ही एका मच्छीमार मामांच्या नावेत बसलो. मामांनी नाव सरळ थव्याकडे नेलीच नाही. लांबून वळसा घातला आणि सूर्य आमच्या पाठीशी येईल अशी लावली. फोटोग्राफीचं पुस्तक त्यांनी कधी बघितलं नसेल, पण रोज उजेड बघणारा माणूस तो!

नावेतले एक पाहुणे म्हणाले, "मामा, जरा जवळ घ्या. थवा उडवा, उडतानाचा फोटो हवाय."

मामा वल्हं आडवं ठेवून म्हणाले, "न्हाई दादा, उडवायचं न्हाई. ती हितं खायला आल्यात, तुमाला उडून दाखवायला न्हाई. गप बसा अर्धा तास, आपनच येत्याल."

पाहुणे थोडे नाराज झाले. पण खरोखरच थवा खात खात आमच्या बाजूला सरकू लागला. मान वाकलेली, पाण्यात गुलाबी प्रतिबिंब, सगळं निवांत. असे फोटो घाबरून पळणाऱ्या थव्याचे कधी मिळाले नसते. दूरवरून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवलं, तर त्याचा खाण्याचा वेळही जातो आणि खाऊन मिळवलेली ताकदही. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बघून बघून ओळखलं होतं.

मांडणी

तुम्ही चित्रकलेच्या तासाला कागदाच्या बरोबर मध्ये एक पक्षी काढून मोकळे होता का? नाही ना? घर कुठे, झाड कुठे, डोंगर कुठे याचा विचार करता. फोटोतही तेच. त्यालाच मांडणी म्हणतात.

मनातल्या मनात फोटोच्या चौकटीवर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारा. फुलीगोळ्याच्या खेळासारखे नऊ घर तयार होतील. जिथे रेघा एकमेकींना छेदतात त्या चार जागांपैकी एकीजवळ पक्षी ठेवून बघा. पक्षी उजवीकडे बघत असेल तर उजवीकडे जास्त जागा सोडा. त्याला बघायला, उडायला वाट नको का? नाकासमोर भिंत आली तर तुम्हालासुद्धा गुदमरल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट उंची. जमिनीवर चरणाऱ्या साळुंकीचा फोटो आपण उभ्याने काढतो आणि फोटोत तिची नुसती पाठ येते. खाली बसा. जमलं तर पालथे पडा. कपडे मळतील, आई ओरडेल, पण साळुंकीच्या डोळ्यांच्या पातळीवर गेलात की तिचं जग तिच्याच नजरेतून दिसू लागतं. गवताची पाती झाडांएवढी वाटतात.

तिसरी गोष्ट पक्ष्यामागे काय आहे ती. फोटो काढताना आपण पक्ष्याकडे एवढे टक लावून बघतो की मागची काठी, तार, प्लॅस्टिकची पिशवी दिसतच नाही. मग फोटोत बुलबुलाच्या डोक्यातून फांदी उगवते! अशा वेळी एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं तरी काम होतं. पक्ष्याच्या मागचं झाड जितकं लांब, तितकी ती हिरवळ पुसट आणि मऊ होते आणि पक्षी उठून दिसतो.

आणि मोबाईलवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे मोठी लेन्स नाही म्हणून खट्टू होऊ नका. बोटांनी चित्र ताणून पक्षी मोठा करायच्या भरीस पडू नका, त्याने बहुतेक वेळा चित्र फुटतं. त्यापेक्षा पक्षी लहानच ठेवा आणि त्याचं घर मोठं दाखवा. म्हशीच्या पाठीवरचा गायबगळा, देवळाच्या कळसावरचे पारवे, पावसात तारेवर अंग चोरून बसलेल्या साळुंक्या. हे पक्षी कुठे राहतात, कसे राहतात हे अशाच फोटोंतून कळतं.

डोळा साधला की सगळं साधलं

आता तिसरा भाग. फोटो स्पष्ट, रेखीव यायला हवा. फोटोवाले त्याला 'शार्प' म्हणतात. पण अख्खा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत रेखीव यायलाच हवा असं नाही. मोठ्या लेन्समधून जवळचा पक्षी बघितला तर त्याचा थोडासाच भाग स्पष्ट दिसतो. तो भाग कोणता असावा? डोळा! पंख फडफडताना थोडे पुसट आले तर चालतात, उलट त्यातून वेग जाणवतो. डोळा पुसट आला की मात्र फोटो निर्जीव वाटतो. डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका चमकला तर फारच छान. आपण समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांतच बघतो ना? तसंच हे.

फोटो हलण्याची कारणं दोन : आपला हात हलतो किंवा पक्षी हलतो. हातासाठी जुना ठोकताळा असा आहे, की ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर कॅमेऱ्याचं दार १/४०० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नये. आजच्या कॅमेऱ्यांत हाताचं हलणं आवरायची सोय असते, तरी ठोकताळा लक्षात ठेवावा. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा १/२००० सेकंद लागतो. वेग वाढवला की आत येणारा उजेड कमी होतो. बघा, उजेडाचं आणि स्पष्टतेचं असं नातं आहे. म्हणूनही सकाळचं स्वच्छ ऊन हवं.

महागडी तिपाई नसेल तर घरच्या घरी करण्यासारखी एक गंमत सांगतो. जुन्या पँटचा पाय कापून घ्या, एक तोंड शिवा, आत तांदूळ किंवा कोरडी वाळू भरा आणि दुसरं तोंडही शिवून टाका. ही उशी खिडकीत, कठड्यावर, दगडावर कुठेही ठेवता येते आणि कॅमेरा तिच्यात छान रुतून बसतो. कोपर शरीराजवळ ठेवा, श्वास हळूच सोडा आणि बटण दाबा. झटका द्यायचा नाही. आणि दुपारी तापलेल्या माळावर जमिनीजवळची हवा लहरत असते. त्या हवेतून लांबच्या पक्ष्याचा फोटो घेतला तर लाख रुपयांचा कॅमेरासुद्धा हात टेकतो. तिथे उपाय एकच, उद्या सकाळी लवकर उठणं!

एक सुंदर, वाईट फोटो

उजेड, मांडणी, स्पष्टता. तिन्ही जमलं की फोटो चांगला झाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तुम्हाला तेच सांगून निरोप घेतला असता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या गावातल्या बागेत शिंपी पक्ष्याच्या जोडीने घरटं केलं होतं. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, शेपटी वर करून उड्या मारणारा. मोठ्या पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, त्यातून कापूस, कोळिष्टकं आणि झाडाचे धागे ओवतो आणि पानांचा द्रोण शिवून त्यात अंडी घालतो. शेजारची पानं वरून छत्रीसारखी येतात. म्हणून ऊन, पाऊस आणि कावळ्याची नजर या तिन्हींपासून घरटं लपतं. मी रोज लांबून दुर्बिणीने बघायचो. आई-बाबा अळ्या घेऊन येत, द्रोण हलत असे. पिल्लं आठवड्याभरात बाहेर पडणार होती.

एका रविवारी चार-पाच जण मोठमोठे कॅमेरे घेऊन आले. पानं आड येत होती, म्हणून त्यांनी ती दोऱ्याने मागे बांधून टाकली. मी म्हणालो, "अहो, असं करू नका, घरटं उघडं पडेल." ते म्हणाले, "दोनच मिनिटांचं काम आहे हो." मी माळीबुवांना बोलवायला धावलो. आम्ही येईपर्यंत मंडळी निघून गेली होती. दोरा तसाच होता. आम्ही तो सोडला, पानं पुढे घेतली, पण देठापाशी मोडलेली पानं पुन्हा कशी उभी राहणार? त्या संध्याकाळी शिंप्याची जोडी फांदीवर सारखी ओरडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रोण फाटलेला होता आणि आत काहीच नव्हतं. कावळ्याने नेलं की मांजराने, मी पाहिलं नाही.

पुढे एका प्रदर्शनात मला तो फोटो भिंतीवर लावलेला दिसला. उजेड सुरेख. मांडणी सुरेख. तीन पिल्लांच्या उघड्या चोची, आईच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका. लोक थांबून "वा!" म्हणत होते. वरच्या कोपऱ्यात मात्र दोऱ्याचं एक टोक दिसत होतं. ते कुणी बघत नव्हतं.

मुलांनो, त्या फोटोला तुम्ही चांगला म्हणाल का? मी नाही म्हणू शकत. त्या जोडीने किती टाके घातले, दिवसातून किती फेऱ्या मारल्या, हे मी बघितलं होतं ना! आणि ज्याने आधी बघितलंय, त्याच्याच्याने ती पानं बांधवली नसती. सर वही आधी का आणायला सांगत होते, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं.

आपल्या कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही येतं. बंदूक हवीच असं नाही. आज कित्येक छायाचित्र स्पर्धा घरट्यातले फोटो स्वीकारतच नाहीत.

आणि पक्षी आपल्या पिल्लांसाठी काय करतील याचा नेम नसतो. एरिक हॉस्किंग नावाचा एक प्रसिद्ध इंग्रज पक्षी-छायाचित्रकार होता. १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणात जात असताना घुबडाने त्याच्यावर झडप घातली आणि त्यात त्याचा एक डोळा गेला. पुढे एका डोळ्याने त्याने आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढले.

म्हणून चार गोष्टी मनात पक्क्या करा. घरट्याजवळ जायचं नाही आणि एखादी फांदी, पान हलवायचं नाही. मोबाईलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलवायचं नाही, कारण आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं समजून तो पिल्लं सोडून भांडायला येतो. दगड किंवा टाळी मारून पक्षी उडवायचा नाही. आणि घरटं सापडलंच तर त्याची जागा जगजाहीर करायची नाही. मोबाईलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप होऊ शकते, ती सोय आधी बंद करा. पक्षी खायचं थांबला, मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला किंवा सारखा ओरडू लागला, तर तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि हळूच मागे सरका.

पालकांनाही एक विनंती. मुलाने कॅमेरा मागितला तर रागावू नका आणि लगेच दुकानातही जाऊ नका. आधी एक वही आणि जमली तर एक साधी दुर्बीण द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर तासभर बसा.

आता तुमचा गृहपाठ! येत्या रविवारी घरापासून हाकेच्या अंतरावरचा एकच पक्षी निवडा. कावळासुद्धा चालेल. त्याच्याकडे अर्धा तास बघा आणि दहा गोष्टी वहीत लिहा : कुठे बसतो, काय खातो, कुणाला घाबरतो, ऊन त्याच्या कुठल्या बाजूला पडतं. असं चार रविवार करा. पाचव्या रविवारी सूर्य पाठीशी घ्या, खाली बसा, डोळ्यावर नेम धरा आणि मग खुशाल बटण दाबा. फोटो काढून झाल्यावर मागे वळून बघा. पक्षी अजून आपल्या जागी बसून निवांत चोच साफ करत असेल, तर तुम्ही पास!